बँकेत पैसे भरायची वेळ कुठपर्यंत? चेक, रोख, एनईएफटी आणि सोबत न्यायचे कागद

गेल्या आंबा सीझनला आमच्या वाडीतले एक काका वाशीच्या व्यापाऱ्याचा चेक घेऊन देवगडला गेले. शुक्रवार होता, एसटी पोचेपर्यंत पावणेचार झाले, काउंटरला ही लाईन, म्हणून त्यांनी चेक पेटीत टाकला आणि मिळाली ती गाडी धरून परत आले. पेटी त्या दिवशीची आधीच उघडून झाली होती. दुसऱ्या दिवशी चौथा शनिवार, मग रविवार, चेक क्लिअरिंगला, म्हणजे व्यापाऱ्याच्या बँकेकडून पैसे वसूल करायला, गेला सोमवारी, आणि इथे बागेतल्या गुरख्यांचा पगार शनिवारी द्यायचा होता. काका रोज माझ्या ऑनलाईन अर्ज भरायच्या सेंटरवर येऊन पासबुक पुढे करायचे, "बाय गो, चेक पास झालो काय बघ जरा." तेव्हाच ठरवलं की हे सगळं एकदा नीट लिहून काढायचं, कारण आपल्याकडे बँक म्हणजे तालुक्याला जाऊन येऊन अर्धा दिवस, एक फेरी फुकट गेली तर मजुरीच बुडते.

आधी कट-ऑफ म्हणजे काय ते. बँकेचं दार कधी बंद होतं ते वेगळं, आणि आज दिलेला चेक किंवा फॉर्म आजच्या कामात कधीपर्यंत धरतात ते वेगळं, ही दुसरी वेळ म्हणजे कट-ऑफ. ती प्रत्येक बँकेची, कधी कधी शाखेचीही वेगळी असते. शाखेत वेळेचा बोर्ड असतो, त्याचा फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवा. दुसरा आणि चौथा शनिवार २०१५ च्या सप्टेंबरपासून बँका बंद असतात हे अजूनही कित्येक जण विसरतात.

चेकचं आता बरंच बदललंय. पूर्वी चेक गठ्ठ्याने जायचे आणि एक-दोन दिवस लागायचे. ४ ऑक्टोबर २०२५ पासून रिझर्व्ह बँकेने दिवसभर सतत क्लिअरिंग सुरू केलं, म्हणजे शाखेने चेक स्कॅन केला की त्याचा फोटो लगेच पुढे जातो, आणि ज्या बँकेचा चेक आहे तिने त्याच दिवशी संध्याकाळी सातपर्यंत हो-नाही कळवायचं, नाही कळवलं तर चेक मान्य धरला जातो. पण हे सगळं चेक स्कॅन झाल्यावर! पेटीत पडून राहिलेल्या चेकला याचा काडीचा उपयोग नाही. म्हणून माझं सरळ म्हणणं, सकाळच्या पहिल्या गाडीने जा, चेक काउंटरवर द्या आणि स्लिपच्या अर्ध्या भागावर शिक्का घ्या. "पेटीतच टाका" अशी सक्ती बँक करू शकत नाही, काउंटरवर दिलेल्या चेकची पोच द्यावीच लागते, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. शिक्का घेतल्यावर तिथेच उभं राहून त्यावरची तारीख वाचा, शाई पुसट असेल तर दुसरा मारून मागा, पुढे वाद झाला तर तो अर्धा कागदच तुमचा साक्षीदार.

चेकसाठी काय लागतं? पैसे भरायची स्लिप, चेकच्या मागे तुमचं नाव, खाते नंबर आणि मोबाईल. चेक तारखेपासून तीन महिन्यांच्या आतला हवा. नावात किंवा रकमेत खाडाखोड असेल तर तो घेऊच नका, व्यापाऱ्याकडून दुसरा मागा. रक्कम मोठी असेल तर व्यापाऱ्याला अजून एक विचारा, पॉझिटिव्ह पे केलंय का. ५० हजार आणि त्यावरच्या चेकला ही सोय असते, ज्याने चेक दिला त्याने चेक नंबर, तारीख, नाव आणि रक्कम आपल्या बँकेला आधी कळवायची. पाच लाख आणि वर बऱ्याच बँकांनी ते सक्तीचं केलंय, कळवलं नसेल तर चेक परत येऊ शकतो.

रोख भरायची असेल तर कॅश काउंटर बाकीच्या कामाच्या आधी बंद होतो. पण वेळ संपायच्या आत तुम्ही आत येऊन लाईनीत असाल तर तुमचं काम करून द्यायचं असतं, घाबरून परत फिरू नका. सोबत पासबुक, नोटांचा तपशील भरलेली स्लिप आणि मोठी रक्कम असेल तर पॅन कार्ड, पॅन नसेल त्यांनी बँकेत त्याऐवजीचा फॉर्म मागून भरायचा. तालुक्याला कॅश डिपॉझिट मशीन असेल तर काउंटर बंद झाल्यावरही पैसे लगेच जमा होतात, फक्त भिजलेल्या, चुरगळलेल्या नोटा मशीन परत टाकतं, पावसात नोटा प्लास्टिकच्या पिशवीतून न्या.

आता एनईएफटी आणि आरटीजीएस, म्हणजे एका बँक खात्यातून दुसऱ्या खात्यात थेट पैसे पाठवायच्या दोन पद्धती. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास, सुट्टीलाही चालतं. एनईएफटी दर अर्ध्या तासाच्या बॅचने जातं आणि बॅच झाल्यावर दोन तासात समोर जमा व्हायला हवं. आरटीजीएस दोन लाखांपासून वर. चोवीस तास हे मोबाईल किंवा नेट बँकिंगवरून करणाऱ्यांसाठी बरं का, शाखेत फॉर्म देणाऱ्याला शाखेचीच कट-ऑफ लागू. फॉर्मसोबत सही केलेला चेक, समोरच्याचं नाव, खाते नंबर, त्याच्या बँक शाखेचा ओळख कोड म्हणजे आयएफएससी. स्वतःचं खातं नसेल तरी ५० हजारांपर्यंत रोख देऊन एनईएफटी करता येतं, ओळखपत्र न्या. काम झालं की यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख नंबर, लिहून घ्या, पैसे अडकले तर सगळी शोधाशोध त्याच्यावरूनच होते.

युपीआयला कट-ऑफ नाही, पण आपल्याकडे जुलैत टॉवर गेला की पैसे खात्यातून कापलेले आणि समोर पोचलेले नाहीत असं होतं. घाईने दुसऱ्यांदा पाठवू नका. माणसाला पाठवलेले पैसे पोचले नाहीत तर पुढच्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत, त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेने द्यायची असते. दुकानदाराला दिलेल्यांना पाच दिवस धरा.

होडीच्या किंवा गाडीच्या हप्त्याकडे खास लक्ष द्या. ऑगस्ट २०२१ पासून हप्ते रविवारी, सुट्टीलाही कापले जातात. पाच तारखेचा हप्ता असेल तर चार तारखेला रात्री पैसे खात्यात पाहिजेत, पाचला दुपारी चेक टाकून उपयोग नाही, हप्ता परत गेला की दंड दोन्हीकडून बसतो. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा हे सगळ्यात जास्त होतं, म्हणून मे महिन्यातच दोन हप्त्यांची रक्कम बाजूला काढा.

शेतकरी सोसायटीच्या पीक कर्जाचंही तसंच. मुदतीत फेडलं तरच व्याजाची सवलत मिळते, एक दिवस उशीर झाला तरी हातची जाते. भाताच्या खरीप कर्जाला बहुतेक ३१ मार्च असते, आंब्याच्या कर्जाची तारीख वेगळी असू शकते, सचिवांकडून ती कागदावर लिहून घ्या. आणि शेवटच्या दिवशी चेकने भरू नका, चेक पास होईपर्यंत तारीख निघून जाते. पीपीएफचं (सरकारी भविष्य निधीचं) बचत खातं असणाऱ्यांनी महिन्याच्या पाच तारखेच्या आत पैसे जमा झालेले बघावेत, नाहीतर त्या रकमेवर त्या महिन्याचं व्याज मिळत नाही.

एवढं करूनही बँकेने उशीर केला तर आधी शाखेत लेखी तक्रार द्या, पोच घ्या, स्लिपची झेरॉक्स जोडा. तीस दिवसात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाईन तक्रार करता येते, फी नाही, १४४४८ वर फोन करून माहितीही मिळते. अर्ज भरता येत नसेल तर स्लिप, पासबुक आणि बँकेला दिलेल्या तक्रारीची पोच घेऊन सेंटरवर या, मी भरून देते.