ईएनपी३एस० आणि ईएनएक्स: नाव जागेचं की कार्डाचं?

घरच्या लिनक्स सर्व्हरमध्ये एनव्हीएमई डिस्क बसवली, मशीन पुन्हा सुरू केलं आणि एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून सर्व्हरमध्ये शिरायची सोय) लागेना. मॉनिटर-कीबोर्ड जोडून पाहिलं, तर नेटवर्क इंटरफेसचं, म्हणजे लिनक्सला दिसणाऱ्या नेटवर्क जोडणीचं, कालपर्यंतचं नाव ईएनपी३एस० आज ईएनपी४एस० झालेलं. नेटवर्क कार्डाला मी हातही लावला नव्हता, पण आयपीची सगळी सेटिंग जुन्या नावावर होती.

ईएनपी३एस० हे कार्डाचं नाव आहे असं आपण धरून चालतो. खरं तर ते जागेचं नाव आहे. 'ईएन' म्हणजे ईथरनेट, 'पी३' म्हणजे पीसीआय बस (उपकरणं मदरबोर्डला जोडणारा मार्ग) ३, 'एस०' म्हणजे त्या बसवरचा स्लॉट ०. बसना क्रमांक मशीन सुरू होताना ओळीने मिळतात. मध्येच नवं उपकरण (इथे माझी एनव्हीएमई डिस्क) आलं की पुढचे क्रमांक सरकू शकतात. (पीसीआय उपकरणांची यादी देणारी एलएसपीसीआय ही कमांड हेच क्रमांक हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे सोळा अंकांच्या पद्धतीत दाखवते, त्यामुळे तिथली '०ए' बस नावात 'पी१०' होते. इथे भलेभले चुकतात.)

ईएनएक्सचं तसं नाही. 'ईएनएक्स'पुढे कार्डाचा मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा ओळखक्रमांक), १२ अक्षरी, जसाच्या तसा येतो. एकूण १५ अक्षरं, आणि लिनक्समध्ये इंटरफेसचं नाव १५ अक्षरांहून मोठं असूच शकत नाही. हे नाव कार्डाला चिकटलेलं असतं. डेबियन-उबुंटूवर यूएसबी अडॅप्टरला सहसा असंच नाव मिळतं. कुठल्याही पोर्टात खोचा, नाव तेच.

मग सगळीकडे मॅकच का नाही? पूर्वी ईटीएच०, ईटीएच१ अशी नावं होती. ज्या कार्डाचा ड्रायव्हर आधी तयार होई, ते शून्य. दोन कार्डांच्या फायरवॉलवर (घरचं नेटवर्क आणि इंटरनेट यांच्यामधल्या पहारेकरी मशीनवर) ही अदलाबदल म्हणजे घरची बाजू बाहेर आणि बाहेरची घरात. त्यावर यूडेव्हने (लिनक्समध्ये उपकरणांची दखल घेणारा प्रोग्रॅम) मॅकप्रमाणे नावं फाइलीत नोंदवून ठेवायला सुरुवात केली. पण व्हर्च्युअल मशीनची प्रत काढली की मॅक बदले, आणि ईटीएच०चं ईटीएच१ होई. सर्व्हरचं कार्ड जळून नवं टाकलं तरी तेच. म्हणून २०१३ साली सिस्टमडीच्या (लिनक्स सुरू करून सेवा सांभाळणारा प्रोग्रॅम) १९७व्या आवृत्तीने जागेवरून नाव द्यायची रीत आणली. त्याच स्लॉटात नवं कार्ड बसवा, नाव तेच राहतं, सेटिंगला हात लावायची गरज नाही. डेटा सेंटरमध्ये कार्डं बदलतात आणि जागा तशाच राहतात, तिथे हीच पद्धत बरोबर, असं माझं ठाम मत आहे.

घरी उलट असतं. कार्ड वर्षानुवर्षं एकच, बाकीच्या वस्तू आत-बाहेर होत असतात. मी शेवटी सिस्टमडीच्या नेटवर्क फोल्डरमध्ये एक लिंक फाइल टाकली: मॅक जुळला की नाव 'लॅन०'. नाव मुद्दाम ईटीएच०सारखं ठेवलं नाही, कारण ती नावं कर्नल (लिनक्सचा गाभा) स्वतः वाटतो आणि दोघांची टक्कर होते. त्यानंतर आणखी एक कार्ड बसवलं. लॅन० जागचं हललं नाही.