फिजिओथेरपीतील तपासणी व निदान : अलीकडचे संशोधन

दुखणे, सांधा आखडणे, स्नायूंची ताकद घटणे, तोल जाणे अशा तक्रारी घेऊन आलेल्या रुग्णाची हालचाल तपासून त्रासामागचे संभाव्य कारण आणि उपचाराची दिशा ठरवणे, याला फिजिओथेरपीतील तपासणी व निदान म्हणतात. रुग्णाची सविस्तर विचारपूस, सांध्याची हालचाल अंशांत मोजणे, ताकदीची प्रतवारी, विशेष चाचण्या आणि प्रश्नावल्या ही त्याची साधने. निदान डॉक्टरांनी करायचे आणि थेरपिस्टने सांगितलेला व्यायाम करून घ्यायचा, अशी वाटणी बराच काळ होती. अमेरिकेतील शर्ली सारमन यांनी १९८८ मध्ये हालचालीतील बिघाडाचे निदान थेरपिस्टनेच करायला हवे, त्याशिवाय उपचाराला पाया नाही, अशी मांडणी केली. आता अनेक देशांत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय रुग्ण थेट थेरपिस्टकडे जातात, त्यामुळे ही जबाबदारी आपोआपच वाढली आहे.

गेल्या दोन-तीन दशकांत झालेला मोठा बदल म्हणजे रुग्णाला तपासणाऱ्या चाचण्यांचीच तपासणी सुरू झाली. आजार असलेल्यांपैकी किती जणांना चाचणी पकडते ती तिची संवेदनशीलता, आणि आजार नसलेल्यांपैकी किती जणांना ती बरोबर वगळते ती विशिष्टता. पाय सरळ उचलण्याची चाचणी याचे चांगले उदाहरण आहे. रुग्ण पाठीवर झोपतो, थेरपिस्ट गुडघा वाकू न देता टाचेखाली हात घालून पाय सावकाश वर नेतो आणि कळ पायात कुठपर्यंत उतरते हे विचारतो. मणक्यातील चकती सरकून नस दाबली गेली आहे का, हे पाहण्यासाठी ती वापरतात. अनेक वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१० च्या आढाव्यात शस्त्रक्रियेच्या टप्प्यापर्यंत आलेल्या रुग्णांमध्ये तिची संवेदनशीलता ९२ टक्के आणि विशिष्टता अवघी २८ टक्के निघाली. न दुखणारा पाय उचलल्यावर दुखऱ्या पायात कळ येते का, हे पाहणाऱ्या उलट चाचणीत विशिष्टता ९० टक्के, पण संवेदनशीलता २८ टक्के होती. म्हणजे पहिली चाचणी नकारात्मक आली तर बराच दिलासा मिळतो, दुसरी सकारात्मक आली तर संशय बळावतो. दोन्ही एकाच तागडीत तोलून चालत नाही.

एखाद्या चाचणीची कीर्ती कशी ओसरते, हे थेसली चाचणीच्या बाबतीत स्पष्ट दिसते. गुडघ्यातील मेनिस्कस ही कूर्चेची गादी फाटली आहे का, हे ओळखण्यासाठी रुग्णाला एका पायावर, गुडघा सुमारे २० अंश वाकवून उभे करतात. आधारासाठी थेरपिस्टचे हात धरून तो शरीर आत-बाहेर वळवतो. सांध्याच्या रेषेवर दुखले किंवा काही अडकल्यासारखे वाटले, तर चाचणी सकारात्मक. ग्रीसमधील संशोधकांनी २००५ मध्ये तिची अचूकता आतल्या मेनिस्कससाठी ९४ आणि बाहेरच्यासाठी ९६ टक्के सांगितली, आणि ती झपाट्याने पाठ्यपुस्तकांत शिरली. त्या अभ्यासात गुडघ्याची दुखापत झालेल्या २१३ रुग्णांशेजारी कसलीच तक्रार नसलेले १९७ स्वयंसेवक होते. दुखरा आणि ठणठणीत गुडघा यांतला फरक कोणतीही चाचणी दाखवेल. थेरपिस्टसमोर मात्र ठणठणीत गुडघा येतच नाही. येणारा प्रत्येक गुडघा दुखराच असतो, आणि नेमके काय बिघडले आहे एवढाच प्रश्न असतो. ब्रिटनमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हीच चाचणी एमआरआयशी ताडून पाहिली, तेव्हा संवेदनशीलता ६६, विशिष्टता ३९ आणि एकूण अचूकता ५४ टक्के भरली. मॅकमरे, ॲप्ली वगैरे जुन्या चाचण्याही त्याच घरात होत्या. नाणे उडवले असते तरी फार वेगळा निकाल लागला नसता.

अशा अनुभवांनंतर एकेका चाचणीवरचा भर कमी होऊन चाचण्यांच्या संचाकडे लक्ष गेले. त्रिकास्थी (मणक्याच्या तळाचे त्रिकोणी हाड) आणि कटीचे हाड यांच्यातील सांध्याच्या दुखण्यासाठी लॅस्लेट व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये सहा वेदना-उत्तेजक चाचण्या घेतल्या. त्यांपैकी तीन किंवा अधिक सकारात्मक असतील, तर संवेदनशीलता ९४ आणि विशिष्टता ७८ टक्के मिळाली. मानेतील नस दाबली जाण्यासाठी वेनर व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये चार चाचण्यांचा संच सुचवला. चारही सकारात्मक आल्यास आजार असण्याचे पारडे ३०.३ पट जड होते, असा त्यांचा निष्कर्ष. हा आकडा वर्गात हमखास सांगितला जातो. त्याची विश्वासमर्यादा, म्हणजे खरा आकडा ज्या पट्ट्यात असू शकतो तो पट्टा, १.७ ते ५३८.२ एवढी ऐसपैस आहे, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. संच उपयोगी आहेत, पण लहान अभ्यासातून आलेला मोठा आकडा जपूनच वापरलेला बरा.

चाचणी ज्याच्याशी ताडायची ते एमआरआयचे चित्र तरी निर्णायक आहे का? १९९४ मध्ये पाठदुखीची तक्रार नसलेल्या ९८ जणांच्या कंबरेचे एमआरआय तपासले, तेव्हा ५२ टक्क्यांमध्ये किमान एका ठिकाणी चकती फुगलेली आढळली. २००८ मध्ये अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथे ५० ते ९० वयाच्या ९९१ लोकांच्या गुडघ्यांची अशीच पाहणी झाली. मेनिस्कस फाटलेल्यांपैकी ६१ टक्क्यांना आधीच्या महिनाभरात गुडघ्याचा कसलाच त्रास झाला नव्हता. चित्रात दिसणारी फाट आणि रुग्ण सांगतो ती वेदना यांचा संबंध असेलच असे नाही. म्हणून पाठ, खांदा आणि गुडघ्याच्या बऱ्याचशा दुखण्यांत आता अमुक ऊती बिघडली असे ठामपणे न लिहिता, कोणत्या हालचालीने दुखते, भार किती सोसवतो, रोजची कोणती कामे अडतात याची नोंद निदान म्हणून केली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००१ च्या कार्यक्षमतेच्या वर्गीकरणाने या पद्धतीला चौकट दिली.

गंभीर आजार चुकू नये म्हणून पाहिल्या जाणाऱ्या धोक्याच्या खुणांचीही अशीच झडती झाली. ऑस्ट्रेलियात पाठदुखीच्या १,१७२ नव्या रुग्णांचा मागोवा घेतला (२००९). त्यांपैकी ८०.४ टक्क्यांमध्ये किमान एक खूण सापडली, प्रत्यक्ष गंभीर कारण मात्र ११ जणांमध्ये होते आणि त्यांतही आठ अस्थिभंग. एक खूण दिसली की लगेच एक्स-रेला पाठवायचे ठरवले, तर जवळजवळ सगळेच जातील. २०२० च्या आंतरराष्ट्रीय चौकटीत म्हणूनच खुणा एकत्र, वय आणि पूर्वेतिहासासह तोलायला, आणि शंका असेल तेथे रुग्णाला ठरावीक काळाने पुन्हा तपासायला सांगितले आहे.

निदानाऐवजी भवितव्यावर बोट ठेवणारा एक प्रवाहही आहे. इंग्लंडच्या कील विद्यापीठातील स्टार्ट बॅक ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली पाठदुखी रेंगाळण्याचा धोका कमी, मध्यम की जास्त, हे सांगते आणि त्यानुसार उपचार ठरतात. २०११ च्या अभ्यासात रुग्णांना त्याचा फायदा दिसला आणि खर्चही वाचला. अमेरिकेत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र तो फायदा आढळला नाही.

मोजमापाचे प्रश्न त्यामानाने साधे आहेत. गोनिओमीटरने सांध्याचा कोन मोजताना साधारण पाच अंशांची चूक धरूनच चालावे लागते. खुर्चीतून उठून तीन मीटर चालत जाऊन परत बसण्याची, १९९१ पासून वापरात असलेली चाचणी हालचालीचा चांगला अंदाज देते. स्वतःच्या घरी राहणारे वृद्ध पुढे पडतील का, हे सांगण्यात ती कमी पडते, असे २०१४ च्या आढाव्यात दिसले.

अलीकडे तपासणी पडद्यावर गेली आहे. २०१७ च्या एका आढाव्यानुसार वेदना, सूज, हालचालीची व्याप्ती, ताकद, तोल आणि चाल यांची दूरस्थ तपासणी समोरासमोरच्या तपासणीशी बऱ्यापैकी जुळते. कंबरेची ठेवण, सांध्यांच्या विशेष चाचण्या आणि नसा ताणून पाहण्याच्या चाचण्या मात्र नीट जमत नाहीत. दुसरीकडे स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ओपनकॅप (२०२३) या प्रणालीत दोन फोनचे कॅमेरे पुरतात. अंगावर खुणा न चिकटवता सांध्यांचे कोन निघतात आणि प्रयोगशाळेतील मोजणीशी सरासरी फरक ४.५ अंशांचा राहतो. ती पडताळणी दहा निरोगी व्यक्तींवर झाली होती.