क्षितिजाचा बाक: लेन्समधून सॉफ्टवेअरमध्ये कसा गेला

"होरायझन वाकडं आलंय" असं कुणी म्हटलं की आधी विचारायला पाहिजे, वाकडं म्हणजे तिरपं की बाक आलेलं? मराठीत दोन्हीला एकच शब्द आणि घोळ तिथूनच सुरू होतो. तिरपं असेल, म्हणजे एका बाजूने समुद्र सांडतोय असं वाटत असेल, तर फोटो अर्धा-एक डिग्री फिरवला की झालं काम. बाक असेल तर कितीही फिरवा, काही होत नाही. कुणकेश्वरच्या एका फोटोवर मी अर्धा तास नुसता रोटेट करत बसलो होतो, शेवटी आडवी गाइड लाइन ओढून बघितली तर दोन्ही टोकं रेषेला चिकटलेली आणि मधला समुद्र पंधरा-वीस पिक्सेल वर!

वर "पृथ्वी गोल आहे ना, दिसणारच" म्हणणारे भेटतात ते वेगळेच. वाळूत उभं राहिल्यावर क्षितिज जेमतेम पावणेपाच किलोमीटरवर असतं आणि खरा बाक नजरेला जाणवायला साधारण प्रवासी विमानाची उंची लागते, त्यामुळे 120 मीटरवरच्या ड्रोनला दिसलेली गोलाई ही लेन्सचीच. पडताळायचं असेल तर क्षितिज फ्रेमच्या खालच्या भागात घेऊन परत फोटो काढा, बॅरल असेल, म्हणजे सरळ रेषा पिंपासारखी बाहेर फुगवणारा लेन्सचा दोष असेल, तर तोच बाक आता उलटा, वाटीसारखा दिसेल. बरोबर मध्यातून गेलं तर सरळच येतं.

हा दोष फोटोग्राफीइतकाच जुना. सुरुवातीच्या लँडस्केप लेन्समध्ये प्रकाश आत सोडणारं छिद्र काचेच्या पुढे असायचं त्यामुळे बॅरल यायचंच. 1866 मध्ये इंग्लंड आणि जर्मनीत जवळजवळ एकाच वेळी छिद्राच्या दोन्ही बाजूंना सारख्या काचा बसवलेल्या लेन्स निघाल्या, एका बाजूचा बाक दुसरी बाजू खाऊन टाकायची. पुढे एसएलआर, म्हणजे लेन्समधूनच बघायचे आरशाचे कॅमेरे आले, आत आरसा हलायचा म्हणून लेन्सची मागची काच फिल्मपासून लांब ठेवावी लागली, मग 1950 च्या दशकापासून वाइड लेन्स छिद्राच्या पुढे एक मागे वेगळीच अशा झाल्या आणि बॅरल परत आलं. झूम आल्यावर तर वाइडला बॅरल आणि टेलीला, म्हणजे लांबचं जवळ आणणाऱ्या टोकाला, पिनकुशन (उलटा, आत दबलेला बाक), एकाच लेन्समध्ये दोन्ही.

1998 मध्ये जर्मनीतल्या एका प्राध्यापकाने पॅनोरमा जोडायचं फुकट सॉफ्टवेअर काढलं. त्यात ए, बी, सी असे तीन आकडे घालून बाक काढता यायचा. तेव्हा हे हौशी लोकांचं काम होतं, प्रत्येकाने आपल्या लेन्सचे आकडे स्वतः शोधायचे, आणि त्यासाठी समुद्राच्या क्षितिजाएवढी लांब सरळ रेषा दुसरी कुठे मिळणार.

खरा वाद 2008 पासूनचा. आरसा नसलेले कॅमेरे आले, म्हणजे काच परत सेन्सरजवळ नेता आली असती, पण सेन्सरला कडेने तिरपा येणारा प्रकाश फारसा चालत नाही, आणि कंपन्यांना लेन्स छोटी, हलकी नि स्वस्त पाहिजे होती. मग बाक काचेत राहू द्यायचा आणि दुरुस्तीचे आकडे रॉ फाइलमध्येच (सेन्सरने टिपलेला, प्रक्रिया न केलेला फोटो) लिहून टाकायचे असं ठरलं. पुढच्याच वर्षी अडोबीच्या डीएनजी या रॉ फॉरमॅटमध्येही त्यासाठी सोय झाली आणि 2010 पासून लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये लेन्स प्रोफाइल, म्हणजे प्रत्येक लेन्सच्या दुरुस्तीचे तयार आकडे, आले. गंमत अशी की कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर आणि नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं सरळ, पण तीच फाइल हे आकडे न वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडली की क्षितिज धनुष्यासारखं. लोक भडकले, रॉ म्हणजे कच्चा माल ना, मग न विचारता का शिजवता? त्यावर उत्तर यायचं की शेवटचा फोटो चांगला आलाय ना, मग झालं. वजनाचा मुद्दा मला पटतो, पण ती दुरुस्ती बंद करायचं बटणच न देणं हे मला अजूनही पटत नाही. सरळ करताना कोपरे ताणले जातात, तिथला शार्पनेस जातो, कडेची होडी उगाच लांबुडकी होते. क्षितिज मध्यात असेल तर मला ती दुरुस्ती नकोच असते ना.

त्यात प्रोफाइलचे आकडे बऱ्याचदा जवळ ठेवलेल्या चार्टवरून काढलेले असतात, फोकसचं अंतर बदललं की बाकही थोडा बदलतो, आणि समुद्राचा फोटो म्हणजे फोकस अनंतावर. इमारतीच्या फोटोत हा फरक खपून जातो, इथे नाही. म्हणून प्रोफाइल लावल्यावरही मी गाइड लाइन ओढतो आणि बहुतेक वेळा मॅन्युअल स्लायडर दोन-तीन पॉइंट सरकवावा लागतोच.