नामसंकेत (सॉफ्टवेअर)

नामसंकेत : सॉफ्टवेअरच्या कोडमध्ये व्हेरिएबल, फंक्शन, क्लास, फाइल, डेटाबेसमधील टेबल व कॉलम यांना नावे देताना पाळायचे नियम. लहान प्रोग्रॅममध्ये नाव चुकले तरी चार ओळी वर पाहून उलगडा होतो. लाखो ओळींच्या, वर्षानुवर्षे अनेकांच्या हातून गेलेल्या कोडबेसमध्ये मात्र नाव हाच वाचणाऱ्याचा पहिला आणि पुष्कळदा एकमेव आधार असतो. त्यामुळे दिशाभूल करणारे नाव बगइतकेच गंभीर मानायला हवे.

शब्द अंडरस्कोरने जोडावेत (स्नेक केस) की पुढच्या शब्दाचे पहिले अक्षर कॅपिटल करावे (कॅमल केस), यावर वाद फार होतात. हानी त्यामानाने थोडी. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेसाठी हे नियम २००१ पासून ‘पेप ८’ या शैलीविषयक दस्तऐवजात लिहिलेले आहेत आणि असले नियम लिंटर (कोड तपासणारे साधन) आपोआप तपासतो.

खरा गोंधळ अर्थाचा असतो. एकाच गोष्टीला कुठे ‘कस्टमर’, कुठे ‘क्लायंट’, कुठे ‘अकाउंट’ म्हटले जाते. किंवा एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी नांदतात. दुसरा प्रकार अधिक घातक, कारण शोधणाऱ्याला नाव सापडते आणि तो तिथेच थांबतो. जावा या भाषेच्या पहिल्या आवृत्तीतील (१९९६) ‘डेट’ हा तारखेसाठीचा क्लास याचे ठळक उदाहरण आहे. २९ फेब्रुवारी २०२४ ही तारीख घेतली, तर ‘गेटडेट’ हे फंक्शन २९ देते, पण ‘गेटडे’ ४ देते, कारण तो आठवड्याचा वार असतो आणि रविवार शून्य धरला जातो. ‘गेटमंथ’ १ देते, कारण महिनेही शून्यापासून मोजले जातात. ‘गेटइयर’ तर १२४ देते : वर्षातून १९०० वजा करून. जावाने १९९७ मध्येच ही फंक्शने कालबाह्य ठरवली. २०१४ च्या जावा ८ मधील नव्या क्लासांत ‘गेटडेऑफमंथ’ आणि ‘गेटडेऑफवीक’ अशी निःसंदिग्ध नावे आली. जुना क्लास अजून आहेच, आणि जावाकडून हीच रचना उचललेल्या जावास्क्रिप्टमध्ये ‘गेटडे’ आजही वारच देते.

अशा नावांमागे बहुधा निष्काळजीपणापेक्षा इतिहास असतो. फोरट्रान ७७ या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेत नाव जास्तीत जास्त सहा अक्षरांचे असे, त्यामुळे संक्षेप अटळ होते. दुसरे उदाहरण प्रोग्रॅमर चार्ल्स सिमोनी यांच्या हंगेरियन पद्धतीचे. मूल्य कशासाठी आहे हे उपसर्गाने सांगावे हा तिचा मूळ हेतू. प्रसारात मात्र उपसर्ग नुसता डेटाचा प्रकार सांगू लागला. विंडोजमधील ‘डब्ल्यूपॅरम’ यातील ‘डब्ल्यू’ म्हणजे १६ बिटांचा वर्ड. पुढे ते मूल्य ३२ आणि मग ६४ बिटांचे झाले, नाव तेच राहिले. बदलू शकणारी गोष्ट नावात कोरली की असे होते. एककाचे उलट आहे : ते नावात हवेच. प्रोग्रॅम थांबवून ठेवणाऱ्या ‘स्लीप’ फंक्शनला ५ दिले तर पायथन पाच सेकंद थांबतो, जावा पाच मिलिसेकंद.

नावे सुधारताना आधी ते मूल्य प्रत्यक्षात काय धरते हे वापराच्या जागा आणि साठलेला डेटा पाहून ठरवावे लागते. मग विषयातील जाणकारांशी बोलून शब्दसूची करावी. व्यवहारात आणि कोडमध्ये एकच भाषा असावी, हा आग्रह सॉफ्टवेअर-रचनेवरील लेखक एरिक एव्हान्स यांनी २००३ मध्ये मांडला तो याचसाठी. एडिटरमधील रिनेम सुविधा कोडमधले संदर्भ बदलते; स्ट्रिंगमध्ये, कॉन्फिगरेशन फाइलमध्ये किंवा एसक्यूएलमध्ये (डेटाबेसला प्रश्न विचारण्याची भाषा) दडलेली नावे तिच्या हातून सुटू शकतात. नामबदलाचा कमिट (एकत्र नोंदलेला बदल) वेगळाच ठेवावा. कोडमधील बदलांचा इतिहास ठेवणारे गिट हे साधन फाइलचे नाव बदलल्याची नोंद ठेवत नाही, मजकुराच्या साम्यावरून ते ओळखते. त्याच कमिटमध्ये मजकूरही फार बदलला तर इतिहासाचा धागा तुटतो.

बाहेरचे लोक वापरत असलेले नाव एकदम काढता येत नाही. नवे नाव आणून जुने काही काळ त्याच्याकडे वळवावे लागते. डेटाबेसमध्ये नवा कॉलम जोडून दोन्हींत लिहावे, जुना डेटा भरावा, वाचणारा कोड हलवावा आणि मगच जुना कॉलम काढावा. काही नावे मात्र सुटतच नाहीत. वेबवरील देवाणघेवाणीच्या एचटीटीपी या नियमावलीत, वाचक कोणत्या पानावरून आला हे सांगणाऱ्या ‘रेफरर’ हेडरच्या स्पेलिंगमध्ये एक ‘आर’ गळला आणि १९९६ च्या एचटीटीपी १.० च्या दस्तऐवजात ते तसेच नोंदले गेले. ब्राउझर आणि सर्व्हर दोघेही त्यावर विसंबून असल्याने ते दुरुस्त झाले नाही. नंतर आलेल्या ‘रेफरर-पॉलिसी’ हेडरचे स्पेलिंग मात्र बरोबर आहे, त्यामुळे दोन्ही रूपे शेजारीशेजारी वापरात आहेत.