अमेरिकी नौदलाचा मौखिक इतिहास

अमेरिकेच्या नौदलात, व्यापारी जहाजांवर, गोद्यांत आणि मासेमारी बंदरांत आयुष्य काढलेल्या माणसांच्या इतिहासकारांनी घेतलेल्या दीर्घ मुलाखती, तसेच त्या घेण्याची, पडताळण्याची आणि जतन करण्याची पद्धत. जहाज कुठे होते, वारा कोणत्या दिशेचा होता, तोफा किती वाजता डागल्या, हे जहाजाच्या नोंदवहीत असते. हुकूम देणाऱ्याच्या मनात काय होते, तो पाळणाऱ्याने काय पाहिले आणि एखाद्याने तो का मोडला, हे तीत सहसा सापडत नाही. ते माणसालाच विचारावे लागते, तेही तो हयात असेपर्यंत. अशा मुलाखतींमुळे आणि आठवणींमुळे अमेरिकेत काही सरकारी निवाडे फिरले आणि समुद्रतळाशी गेलेल्या एका जहाजाचा माग लागला. त्यामुळे त्यांना कागदपत्रांना जोडलेली पुरवणी समजणे चूक ठरेल.

दर्यावर्दींचे अनुभव जमवण्याची हौस अमेरिकेत जुनी आहे. मॅसॅच्युसेट्समधील सेलम बंदरात १७९९ मध्ये ‘ईस्ट इंडिया मरीन सोसायटी’ स्थापन झाली. केप ऑफ गुड होप किंवा केप हॉर्न ओलांडून गेलेल्या कप्तानांना आणि व्यापारी प्रतिनिधींनाच तिचे सभासद होता येई. आपल्या सफरींच्या रोजनिशा आणि परदेशांतून आणलेल्या वस्तू ते संस्थेला देत. सेलमची जहाजे मुंबईलाही येत. त्यांचे इथले व्यवहार सांभाळणारे पारशी व्यापारी नसरवानजी माणेकजी वाडिया यांचे चित्र या संस्थेच्या संग्रहात गेले आणि आता ते सेलमच्या पीबॉडी एसेक्स संग्रहालयात आहे. मात्र या संग्रहात बोलतो तो कप्तान. डोलकाठीवर चढणाऱ्या खलाशाला कोणी काही विचारल्याचे त्यात क्वचितच दिसते.

दुसऱ्या महायुद्धात चित्र बदलू लागले. हार्वर्डचे प्राध्यापक सॅम्युअल एलियट मॉरिसन यांनी नौदलाचा इतिहास लढाऊ जहाजांवर राहूनच लिहिण्याची कल्पना अध्यक्ष रूझवेल्ट यांच्यापुढे मांडली. १९४२ मध्ये ते नौदलात अधिकारी म्हणून दाखल झाले. त्यांचा इतिहास पुढे १५ खंडांत प्रसिद्ध झाला. युद्ध चालू असतानाच आघाडीवरून परतलेल्या अधिकाऱ्यांची कथने ध्वनिमुद्रित करण्याचे कामही नौदलाने हाती घेतले होते. युद्धानंतर, १९४८ मध्ये, ॲलन नेव्हिन्स यांनी कोलंबिया विद्यापीठात मौखिक इतिहासाचे कार्यालय सुरू केले. तिथे नौदल अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेणारे जॉन टी. मेसन १९६९ मध्ये ॲनापोलिसच्या ‘यू. एस. नेव्हल इन्स्टिट्यूट’मध्ये आले आणि त्यांनी तिथला मौखिक इतिहास कार्यक्रम उभा केला. १८७३ मध्ये स्थापन झालेली ही संस्था सरकारी नाही. वरिष्ठांविषयी मोकळेपणाने बोलताना सांगणाऱ्याला याचा फायदा होतो. १९८२ पासून ही जबाबदारी पॉल स्टिलवेल यांनी सांभाळली. त्यांनी स्वतः व्हिएतनाम युद्धाच्या काळात नौदलात नोकरी केली होती.

मुलाखत घेणारा आधी सांगणाऱ्याचा सेवापट, त्याच्या जहाजांच्या नोंदवह्या आणि लढायांचे अहवाल वाचतो. बोलणे थेट लढाईपासून सुरू होत नाही. गाव, आईवडील, शाळा, नौदलात येण्याचे कारण अशा क्रमाने ते पुढे सरकते आणि त्यासाठी अनेक बैठका होतात. ध्वनिफितीवरून टंकलिखित प्रत तयार होते. ती सांगणाऱ्याकडे जाते आणि तो चुका दुरुस्त करतो, कधी एखादा परिच्छेद गाळतो. काही भाग ठरावीक काळ बंद ठेवण्याची अटही त्याला घालता येते. शेवटी सूचीसह बांधीव खंड ग्रंथालयात जातो. या दुरुस्तीच्या टप्प्यावर अभ्यासकांचा आक्षेप आहे, कारण रागाच्या भरात निघालेले खरे वाक्य तिथे मवाळ होते. आक्षेप रास्त असला तरी ही मुभा नसती, तर अनेकांनी तोंडच उघडले नसते.

कॅप्टन जोसेफ रोशफोर्ट यांची १९६९ मधील मुलाखत या पद्धतीचे उत्तम फळ आहे. ती एटा-बेल किचन या निवृत्त महिला नौदल अधिकाऱ्याने घेतली. पर्ल हार्बरच्या एका तळघरात रोशफोर्ट यांची तुकडी जपानी नौदलाचे सांकेतिक संदेश उलगडत असे. जपानी हल्ल्याचे पुढचे लक्ष्य दाखवणाऱ्या ‘एएफ’ या खुणेचा अर्थ मिडवे बेट असावा, असा तिचा कयास होता. खात्री करण्यासाठी बेटावरील गोड्या पाण्याचे यंत्र बिघडल्याची खोटी बातमी उघड संदेशाने पाठवली गेली आणि थोड्याच वेळात ‘एएफवर पाण्याची टंचाई’ असा जपानी संदेश हाती आला. वॉशिंग्टनमधील वरिष्ठांशी त्यांचे पटले नाही आणि त्यांना त्या कामावरून दूर केले गेले. त्यांचे १९७६ मध्ये निधन झाले. ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ हा नागरी सन्मान मिळाला तो मरणोत्तर, १९८६ मध्ये.

या परंपरेतील सर्वांत मोठे प्रकरण ‘यूएसएस इंडियानापोलिस’ या क्रूझर जातीच्या युद्धनौकेचे आहे. हिरोशिमावर टाकलेल्या अणुबाँबचे भाग टिनियन बेटावर पोहोचवून ती ग्वामहून फिलिपीन्समधील लेटेकडे निघाली होती. ३० जुलै १९४५ रोजी मध्यरात्रीनंतर जपानी पाणबुडी आय-५८ने तिच्यावर टॉर्पेडो डागले आणि ती सुमारे १२ मिनिटांत बुडाली. जहाजावर १,१९५ जण होते. सुमारे ३०० जहाजाबरोबर गेले आणि उरलेले समुद्रात फेकले गेले. जहाज ठरल्या वेळी पोहोचले नाही, याची कोणी दखल घेतली नाही. चौथ्या दिवशी एका गस्ती विमानाला ही माणसे योगायोगाने दिसली. वाचले ते ३१६.

जहाजावरचे डॉक्टर लुईस हेन्स यांनी पुढे नौदलाच्या वैद्यकीय इतिहासकारांना हे चार दिवस सविस्तर सांगितले. हात भाजलेले असताना ते पाण्यात माणसांच्या घोळक्यात फिरत राहिले. एखाद्याचे डोळे तपासून तो गेल्याची खात्री झाली की ते त्याची जीवरक्षक जाकिटे काढून ज्याच्याकडे ती नव्हती त्याला देत आणि मृतासाठी प्रार्थना म्हणत. तहानेने समुद्राचे पाणी पिणाऱ्यांना थोपवणे हे त्यांचे दुसरे काम होते, कारण ते पाणी प्यायलेली माणसे भ्रमिष्ट होऊन मरत. शार्कविषयी त्यांनी जे सांगितले ते लोकांच्या समजुतीपेक्षा फार वेगळे आहे. त्यांना एकच शार्क दिसला, आणि जिवंत माणसावर हल्ला झालेला त्यांनी पाहिला नाही. इतर घोळक्यांतील काहींनी मात्र शार्कच्या हल्ल्यांची भयंकर वर्णने केली. यात कोणी खोटे बोलत नाही. वाचलेले लोक मैलोगणती पसरले होते आणि प्रत्येकाने आपापल्या भोवतीचाच समुद्र पाहिला. म्हणूनच एका मुलाखतीवरून निष्कर्ष काढू नये, असा या शास्त्राचा दंडक आहे.

कप्तान चार्ल्स मॅकव्हे यांच्यावर लष्करी न्यायालयात खटला चालला. जहाज नागमोडी मार्गाने न नेऊन धोक्यात घातल्याबद्दल त्यांना दोषी ठरवले गेले. आय-५८चे कप्तान मोचित्सुरा हाशिमोतो यांना साक्षीसाठी जपानहून आणले होते. नागमोडी मार्गानेही जहाज वाचले नसते, असे त्यांनी सांगूनसुद्धा निकाल बदलला नाही. मॅकव्हे यांनी १९६८ मध्ये आत्महत्या केली. वाचलेले खलाशी त्यांच्यासाठी अनेक वर्षे झगडत होते. १९९०च्या दशकात फ्लोरिडातील पेन्साकोलाच्या हंटर स्कॉट या शाळकरी मुलाने इतिहासाच्या प्रकल्पासाठी जवळपास १५० वाचलेल्यांशी संपर्क साधला. जमलेली माहिती घेऊन तो अमेरिकी काँग्रेससमोर साक्षीलाही गेला. २००० मध्ये काँग्रेसने ठराव करून मॅकव्हे यांना दोषमुक्त म्हटले. २००१ मध्ये त्यांच्या नौदलातील कागदपत्रांत तशी नोंद झाली.

जहाजाचे अवशेषही एका आठवणीमुळेच सापडले. इंडियानापोलिसच्या नोंदवह्या तिच्याबरोबर बुडाल्या असल्याने बुडण्याची नेमकी जागा ठाऊक नव्हती. बुडण्याच्या काही तास आधी आपल्या जहाजाने तिला ओलांडले होते, असे एका माजी नौसैनिकाने घरी सांगून ठेवले होते. नौदलाचे इतिहासकार रिचर्ड हल्व्हर यांच्या नजरेस ही हकीकत पडली. त्यांनी त्या जहाजाची, म्हणजे रणगाडे उतरवणाऱ्या एलएसटी-७७९ची, नोंदवही काढून भेटीची जागा निश्चित केली. शोधाचे क्षेत्र पश्चिमेकडे सरकले. १९ ऑगस्ट २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल ॲलन यांच्या शोधपथकाला फिलिपीन समुद्रात सुमारे ५,५०० मीटर खोलीवर जहाज सापडले.

सुरुवातीच्या संग्रहात ॲडमिरलांचा भरणा होता, आणि हा त्याचा खरा दोष आहे. स्टिलवेल यांनी ‘गोल्डन थर्टीन’ या कृष्णवर्णीय अधिकाऱ्यांच्या गटापैकी तेव्हा हयात असलेल्या आठ जणांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा ही उणीव थोडी भरून निघाली. १९४४ च्या जानेवारीत ग्रेट लेक्स तळावर १६ कृष्णवर्णीय नौसैनिकांचे अधिकारी-प्रशिक्षण सुरू झाले. रात्री दिवे मालवल्यावर प्रकाश बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या झाकून ते एकत्र अभ्यास करत. ज्याला जो विषय येई तो इतरांना शिकवी. गुण इतके चांगले पडले की वरिष्ठांना संशय आला आणि त्यांना पुन्हा परीक्षा द्यावी लागली. त्यातही ते चमकले. तरी अधिकारपद मिळाले १२ जणांना, आणि एकाला त्याखालचा वॉरंट अधिकाऱ्याचा दर्जा. खिडक्या झाकल्याची नोंद कोणत्या दफ्तरात मिळाली असती?

जो जॉर्ज यांची हकीकतही अशीच. ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरमध्ये ‘ॲरिझोना’ ही युद्धनौका पेटली, तेव्हा ते तिला लागून असलेल्या ‘व्हेस्टल’ या दुरुस्ती-जहाजावर होते. दोन्ही जहाजांना बांधणारे दोर कापण्याचा हुकूम असताना त्यांनी ॲरिझोनाच्या डोलकाठीवर अडकलेल्या सहा भाजलेल्या खलाशांकडे दोर फेकला. ते सहाही जण हातांनी लोंबकळत व्हेस्टलवर आले. हुकूम मोडल्यामुळे त्यांना शौर्यपदक मिळाले नाही. नॉर्थ टेक्सास विद्यापीठाने १९७८ मध्ये त्यांची मुलाखत ध्वनिमुद्रित केली होती. त्यांचे १९९६ मध्ये निधन झाले. वाचलेले खलाशी आणि कुटुंबीय यांच्या पाठपुराव्यानंतर २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर ब्राँझ स्टार देण्यात आला.

नौदलाबाहेरही असे काम झाले आहे. कॅलिफोर्नियातील रिचमंडच्या कैसर गोद्यांत युद्धकाळात ७४७ जहाजे बांधली गेली. तिथे वेल्डिंग करणाऱ्या स्त्रियांच्या आणि इतर कामगारांच्या मुलाखती बर्कली विद्यापीठाने घेतल्या आहेत. न्यू बेडफर्डमध्ये एके काळी देवमाशांची शिकार हा मुख्य धंदा होता. तिथले आजचे मच्छीमार, जाळी विणणारे आणि मासळी कापणारे कामगार यांचे अनुभव स्थानिक वारसा केंद्राने जमवले आहेत. युद्धकाळातील व्यापारी खलाशांना माजी सैनिकांचा दर्जा मिळायलाच १९८८ उजाडले, त्यामुळे त्यांच्यापैकी पुष्कळांचे बोलणे नोंदवायचे राहून गेले.

२००० मध्ये काँग्रेसने कायदा करून लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये ‘व्हेटरन्स हिस्ट्री प्रोजेक्ट’ सुरू केला. त्यासाठी कोणीही मुलाखत घेऊ शकतो, अट एवढीच की ती किमान ३० मिनिटांची असावी. या मुलाखती तज्ज्ञांनी घेतलेल्या नसल्याने कमी-अधिक दर्जाच्या आहेत. पण ज्यांच्यापर्यंत ॲनापोलिसचे इतिहासकार कधी पोहोचले नसते, असे स्वयंपाकी, यंत्रांना तेल घालणारे आणि तारायंत्र चालवणारे त्यांत भेटतात. ॲरिझोनावरील शेवटचे हयात खलाशी लू कॉन्टर १ एप्रिल २०२४ रोजी वयाच्या १०२व्या वर्षी वारले. संग्राहकांचे लक्ष आता व्हिएतनाम युद्धाकडे आणि शीतयुद्धातील पाणबुड्यांकडे वळले आहे. पाणबुड्यांवरील अनेक मोहिमा अजून गोपनीय असल्याने तिथल्या माणसांना मोकळेपणाने बोलता येत नाही.