पार्श्वभूमी : फ्रान्समध्ये पडलेले श्रीकृष्ण वेलिणकर आणि आपले बेनाव शिपाई

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात मिलिटरी म्हटलं की आधी मराठा सेंटरच, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावचं केंद्रच आठवतं. पहिल्या महायुद्धात, ऑक्टोबर 1918 मध्ये, मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) शर्कतला 114 मराठा पलटण लढली. त्या लढाईच्या नावाचं स्मारक सेंटरमध्ये आहे आणि तिथे आजही पुष्पचक्र वाहतात. त्याच्या चार महिने आधी फ्रान्समध्ये पडलेल्या मुंबईच्या वैमानिकाचं नाव मात्र आपल्याकडे फारसं कुणी ऐकलेलं नाही. लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर.

पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश विमानदलात हिंदी वैमानिक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांना घ्यायची मुळात तयारीच नव्हती. विमान चालवायला शिकलेल्या वेलिणकरांपुढे आधी मेकॅनिकची जागा ठेवली गेली. ते हटले नाहीत, ही जिद्द मला त्यांच्या शौर्याइतकीच मोठी वाटते. 27 जून 1918 ला 23 स्क्वाड्रनचं डॉल्फिन विमान घेऊन ते गस्तीवर गेले ते परतलेच नाहीत. जखमी होऊन जर्मनांच्या हाती लागले आणि 30 जूनला वारले. तिथे नाव चुकीचं नोंदलं गेल्याने कबरीचा पत्ता युद्ध संपल्यावरच लागला. आज ती फ्रान्समधल्या हँगार्ड गावच्या युद्धस्मशानात आहे. पुढच्या महिन्यात, 22 जुलैला, कोलकात्याचे वैमानिक इंद्रलाल रॉयही पडले. वय अवघं 19.

परदेशी पडलेल्यांचे देह मायदेशी आणायचे नाहीत, हे ब्रिटिशांनी युद्धात लवकरच ठरवलं होतं. घरच्यांना ना अंत्यदर्शन, ना अस्थी. 1917 मध्ये युद्धस्मशानांसाठी आयोग नेमला गेला; हुद्दा, धर्म न बघता सगळ्यांना सारखा मान, हे त्याचं तत्त्व. वेलिणकर अधिकारी होते, त्यांना स्वतःच्या नावाचा दगड मिळाला. पण मेसोपोटेमियात मेलेल्या हिंदी शिपायांची बसऱ्याच्या स्मारकावर नावंच कोरली नाहीत. पलटणीखाली फक्त आकडा. आयोगाने या भेदभावाची जाहीर माफी मागितली ती थेट 2021 मध्ये. शिपाई पाठवणाऱ्या आपल्या मुलखाला ही गोष्ट लागायला हवी.

बेळगावजवळच्या सांबऱ्याची धावपट्टी 1942 ची, दुसऱ्या महायुद्धातली. आज तिथे वायुदलाचं एअरमन ट्रेनिंग स्कूल आहे. तिथे शिकणाऱ्या पोरांना वेलिणकर माहीत असावेत. आणि आपल्या गावांतून तेव्हा पलटणीबरोबर गेलेल्यांची नावं ज्या घरांत अजून सांगितली जातात, तिथे बसून ती लिहून घेतली पाहिजेत, गाव आणि पलटणीसकट.