अंगणातल्या तुळशीचं बी अमेरिकेत पाठवायचं तर

लेक न्यू जर्सीत, तुळस इथल्या वृंदावनात. बी पाठवायचं ठरलं की आपण इथल्या कार्यालयांत चौकशी करत फिरतो. मुख्य परवाना मात्र बी मागवणाऱ्याने, म्हणजे लेकीने तिकडे काढायचा असतो.

अमेरिकेच्या कृषी खात्याची ‘एफिस’ ही शाखा थोड्या बियांसाठी ‘स्मॉल लॉट्स ऑफ सीड’ परवाना देते. अर्ज ‘ई-फाइल’वर ऑनलाइन, फी नाही, पत्ता अमेरिकेतलाच हवा. या परवान्यावर बी पाठवलं की फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे बी रोगकिडीपासून मुक्त असल्याचा आपल्याकडचा सरकारी दाखला, लागत नाही. एरवी तो लागतोच. सगळीच पिकं या सवलतीत बसत नाहीत. टोमॅटो आणि मिरचीच्या बियांवर विषाणूच्या भीतीने 2019 पासून वेगळे निर्बंध आले, म्हणून लेकीने परवान्यावरच्या अटी आधी वाचाव्यात.

एका पुडीत एकाच जातीचं बी, जास्तीत जास्त 50 दाणे किंवा 10 ग्रॅम. एका खेपेत 50 पुड्या. तुळशीचं 10 ग्रॅम बी म्हणजे अख्ख्या सोसायटीला पुरेल. पुडीवर नुसतं ‘तुळस’ चालत नाही. ‘ऑसिमम टेनुइफ्लोरम’ हे शास्त्रीय नाव रोमन लिपीत लिहा, सोबत पाठवणाऱ्याचं नाव आणि देश.

खरी मेहनत बी साफ करण्यात आहे. वाळलेल्या मंजिऱ्या तळहातावर चोळून कितीही फुंकर मारा, भुसकट उरतंच, आणि नियमाला माती, काडीकचरा, किडा काहीच चालत नाही. चहाच्या गाळणीतून गाळा, मग पांढऱ्या कागदावर पसरून नीट निवडा. आजीसारखं राखेत घोळलेलं बी नको. औषध चोळलेलं बाजारातलं गुलाबी बी तर नाहीच.

पाकिटावर लेकीच्या घरचा पत्ता घालायचा नाही! परवान्यासोबत तिला हिरवी-पिवळी लेबलं मिळतात, त्यांवर तपासणी केंद्राचा पत्ता असतो. ती मागवून चिकटवा. परवान्याची प्रत आणि तिचा पत्ता आत ठेवा, म्हणजे तपासणीनंतर पाकीट पुढे जाईल. टपालाच्या कस्टम्स फॉर्मवर बी म्हणूनच नोंद करा. 2020 मध्ये न मागवलेल्या बियांची पाकिटं अमेरिकेत घरोघरी पोचली होती, आणि त्यांतल्या कित्येकांवर ‘दागिने’ असं लिहिलेलं होतं. ‘गिफ्ट’ लिहून खपवायला जाऊ नका.

उलट दिशेचं काम अवघड. भारतात पेरणीचं बी आणायला 2003 च्या प्लांट क्वारंटाइन आदेशानुसार आयात परवाना आधी काढावा लागतो, आणि बियांसोबत त्या देशाचा फायटोसॅनिटरी दाखलाही लागतो. हा काच उगाच नाही. गाजरगवत अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलं असं सांगतात; 1950 च्या दशकात ते पुण्यात दिसलं आणि आज कुठला बांध त्याच्याविना आहे? तेव्हा लेक सुट्टीला येताना बॅगेत लॅव्हेंडरच्या बियांची पुडी टाकणार असेल, तर तिला आधीच नको म्हणून सांगा.